रेडिएटर तापत का नाहीत? सेंट्रल हीटिंगमध्ये पाणी कोठे अडते ते शोधण्याची आणि दुरुस्तीची रीत

बॉयलर सुरू होतो, दोन-तीन मिनिटांत बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. त्याच्या जवळच्या रेडिएटरला हात लावता येत नाही आणि शेवटच्या खोलीतला रेडिएटर मात्र कोमटसुद्धा होत नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष असतो की बॉयलर कमी पडतो आहे, आणि दुसरा, त्याहून खर्चिक, की तो बदलायला हवा. प्रत्यक्षात असा सारखा चालू-बंद होणारा बॉयलर बहुधा उलटेच सांगत असतो. उष्णता भरपूर तयार होते आहे, परंतु ती वाहून नेणारे पाणी पुरेसे फिरत नाही. त्यामुळे बॉयलरमध्ये अडकलेले थोडेसे पाणी झटकन तापते, तापमानाची मर्यादा गाठते आणि ज्योत विझते. दोष ज्योतीत नसतो, रस्त्यात असतो.

ज्यांच्या घरात गरम पाण्याचे रेडिएटर आहेत, पण ज्यांनी या व्यवस्थेला थर्मोस्टॅट फिरवण्यापलीकडे कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातल्या बहुतेक तपासण्यांना पैसा लागत नाही. हात, कागद, पेन्सिल, घड्याळ आणि थोडा धीर एवढे पुरते. धीर अशासाठी की एकाच दुपारी पंपाचा वेग वाढवला, चार व्हॉल्व्ह फिरवले आणि वरून पाणीही भरले, तर फरक नेमका कशाने पडला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी.

सुरुवातीलाच मर्यादाही सांगून ठेवतो. बॉयलरचे आवरण उघडणे, गॅसच्या किंवा धुराच्या मार्गाला हात लावणे ही कामे परवानाधारक तंत्रज्ञाचीच आहेत, कारण तिथली चूक कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने घरात शिरते आणि त्या वायूला वास नसतो. पंप आणि मोटारीच्या व्हॉल्व्हला वीज असते, तेव्हा त्यांना हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. व्यवस्थेतले पाणी ६० ते ८० अंश सेल्सियस असू शकते. कोणताही नट सैल करण्यापूर्वी ते निवू द्यावे.

पाण्याचा रस्ता

बहुतेक घरांतली मांडणी शिडीसारखी असते. शिडीचा एक दांडा म्हणजे बॉयलरकडून जाणारा गरम पाइप, दुसरा म्हणजे परतीचा पाइप, आणि प्रत्येक रेडिएटर म्हणजे या दोन दांड्यांना जोडणारी एक पायरी. पंप पाणी ढकलतो, पण ते कोणत्या पायरीवरून जावे हे पंप ठरवत नाही. पाणी सोपा रस्ता धरते. बॉयलरजवळच्या रेडिएटरमधून लगेच परत फिरता येत असेल, तर लांबच्या खोलीपर्यंत जाण्याचे कष्ट त्यातले फार थोडे पाणी घेते. लांबचा रेडिएटर थंड राहण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

किती पाणी फिरायला हवे, याचाही अंदाज असावा. पाणी रेडिएटरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना २० अंशांचा फरक धरला, तर १ किलोवॉट उष्णता पोहोचवायला ताशी सुमारे ४३ लिटर पाणी लागते. म्हणजे १२ किलोवॉटच्या घराला मिनिटाला साधारण साडेआठ लिटर. हाच फरक १० अंशांवर आणायचा, तर पाणी दुप्पट फिरवावे लागते, आणि त्याच पाइपांतून दुप्पट पाणी नेण्यासाठी पंपाला जवळजवळ चौपट दाब द्यावा लागतो. केवळ पंपाचा वेग वाढवून दोष का जात नाही, पाइपांत खळखळ मात्र का वाढते, याचे उत्तर या चौपटीत आहे.

आणखी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी, ती म्हणजे व्यवस्था बंद आहे की उघडी. बॉयलरवर किंवा शेजारी दाबमापक आणि एखादी बहुधा लाल रंगाची प्रसरण टाकी, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी टाकी, असेल, तर ती बंद व्यवस्था. काही बॉयलरमध्ये ही टाकी आवरणाच्या आत असते, तेव्हा दाबमापक हीच खूण धरावी. पोटमाळ्यावर पाण्याची लहान टाकी असून तिच्यात तरंगता व्हॉल्व्ह असेल, तर ती उघडी.

पहिली पायरी: थंड घरातली हातपाहणी

सगळ्या लेखात एकच पायरी करायची असेल, तर ही करावी. व्यवस्था काही तास बंद ठेवून पूर्ण निवू द्यावी. सर्व रेडिएटरांचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खोलीच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणाऱ्या आकड्यांच्या मुठी, सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवावेत, खोलीचा थर्मोस्टॅट वर करावा, वेळ लिहावी आणि बॉयलर सुरू करावा. आता बॉयलरपासून सुरुवात करून पाण्याच्या मागोमाग जावे. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांना बोटे टेकवावीत आणि आत जाणारा पाइप कितव्या मिनिटाला तापला, बाहेर पडणारा कितव्या, हे खोलीवार लिहावे. पाइप क्षणभरच धरावा. तो भाजण्याइतका गरम असू शकतो. शेवटी प्रत्येक रेडिएटरचे वरचे दोन आणि खालचे दोन कोपरे व खालच्या कडेचा मध्य चाचपून पाहावा.

अर्ध्या तासानंतर हातातला कागद बरेच काही सांगू लागतो. वरची बाजू थंड आणि खालची गरम असेल, तर आत हवा आहे. वर गरम, पण खालचा मध्यभाग थंड असेल, तर तळाशी गाळ बसला आहे. जवळचे रेडिएटर पाच मिनिटांत तापले आणि लांबचे अर्ध्या तासानंतरही कोमट असतील, तर एक तर संतुलन नाही, म्हणजे रेडिएटरांत पाणी नीट वाटले जात नाही, किंवा पंप दमला आहे. फक्त वरच्या मजल्यावरचे तापले आणि खालचे सगळे थंड राहिले, तर पंप बहुधा फिरतच नाही. गरम पाणी हलके असल्यामुळे आपोआप वर चढते, तेवढाच प्रवाह उरलेला असतो. याच्या उलट, वरचे थंड आणि खालचे गरम असतील, तर पाण्याचा दाब किंवा पातळी वरच्या मजल्यापर्यंत पुरत नाही. एकच रेडिएटर पूर्ण थंड असेल आणि बाकी घर उत्तम असेल, तर त्याच्या व्हॉल्व्हवर संशय घ्यावा.

बॉयलरच्या तोंडाशी असलेले दोन पाइपही विसरू नयेत. जाणारा चटका देणारा आणि परतीचा जवळजवळ थंड असेल, तर प्रवाह कमी आहे. दोन्ही पाइप कडक गरम आणि तरीही रेडिएटर थंड, असे दिसले, तर पाण्याला कोठेतरी आखूड रस्ता सापडला आहे. तो बॉयलरजवळचा जास्त उघडा राहिलेला बायपास व्हॉल्व्ह (जाणारे पाणी रेडिएटर टाळून थेट परतीच्या पाइपात सोडणारा) असेल, किंवा पूर्ण उघडे ठेवलेले न्हाणीघरातले टॉवेल वाळवण्याचे रेडिएटर असेल. नवख्या माणसाच्या नजरेतून हा प्रकार हमखास सुटतो, कारण बॉयलरजवळ सगळे इतके छान गरम असते की तिथे दोष असेल असे वाटत नाही.

दुसरी पायरी: निकाल लावणारी चाचणी

थंड रेडिएटर ओळखून झाला की घरातले बाकीचे सगळे रेडिएटर त्यांच्या व्हॉल्व्हने बंद करावेत, फक्त तो एक उघडा ठेवावा आणि पुन्हा बॉयलर लावावा. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह अगदी खालच्या आकड्यावर आणला तरी खोली फार थंड असल्यास तो थोडा उघडा राहू शकतो, हे लक्षात ठेवावे. आता पाण्याला दुसरा रस्ताच उरत नाही. तो रेडिएटर दहा-पंधरा मिनिटांत तापला, तर त्याच्यात आणि त्याच्या पाइपात अडथळा नाही. त्याच्या वाट्याचे पाणी इतर रेडिएटर पळवत होते, एवढाच त्याचा अर्थ. असे असेल तर थेट संतुलनाच्या पायरीकडे जावे. तो तरीही थंडच राहिला, तर अडथळा त्याच फांदीत आहे, मग तो हवेचा असो, गाळाचा असो की अडकलेल्या व्हॉल्व्हचा. या पंधरा मिनिटांच्या चाचणीने अर्धे तर्क गळून पडतात, आणि ती न करता पाइप उघडायला बसणे म्हणजे निदानाआधी शस्त्रक्रिया.

दाब आणि हवा

बंद व्यवस्थेत पाणी थंड असताना दाबमापकाचा काटा साधारण १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा. १० मीटर उंचीच्या पाण्याला जवळजवळ १ बार दाब लागतो. म्हणजे सर्वांत वरचा रेडिएटर मापकापासून ६ मीटर उंच असेल, तर नुसते तिथवर पोहोचायलाच ०.६ बार खर्च होतात आणि वर थोडा शिल्लकही असावा लागतो. काटा खाली असेल, तर पाणी भरण्याच्या नळीचे व्हॉल्व्ह सावकाश उघडून दाब वाढवावा आणि ते आठवणीने बंद करावेत. पाणी तापल्यावर काटा थोडा चढणे स्वाभाविक आहे. परंतु तो तापल्यावर ३ बारकडे धावत असेल आणि निवल्यावर शून्यावर येत असेल, तर प्रसरण टाकीतली हवा निघून गेली आहे. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर नेले की ते सुमारे ३ लिटरने फुगते. त्या ३ लिटरांना जागा उरली नाही, तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेर टपकते. दर आठवड्याला नवे पाणी भरत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि तो रेडिएटरचे लोखंड खातो.

उघड्या व्यवस्थेत पोटमाळ्यावरची टाकी डोकावून पाहावी. तरंगता व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे न हलल्याने चिकटतो, टाकी कोरडी पडते आणि वरच्या मजल्यावरचे रेडिएटर हवेने भरतात.

हवा काढण्याचे काम सोपे आहे, पण ते नीट करावे. पंप बंद ठेवावा, कारण चालू पंप काही ठिकाणी उलट हवा आत ओढतो. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जावे. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात लहान चौकोनी टोकाचा स्क्रू असतो. त्याला चावी लावून, खाली फडके धरून, फक्त पाव ते अर्धा फेरा उलटा फिरवावा. आधी फुसफुस ऐकू येते, मग थुंकल्यासारखे पाणी उडते, आणि शेवटी सलग बारीक धार लागली की स्क्रू बंद करावा. हे पाणी बऱ्याचदा शाईसारखे काळे असते आणि गालिच्यावर पडले तर डाग जात नाही; फडके हातात नव्हे, आधीच खाली अंथरलेले असावे. स्क्रू पूर्ण बाहेर काढू नये, दाबाखाली तो परत बसवणे फार कठीण जाते. शेवटी दाबमापक पाहावा, कारण हवा गेली की दाब उतरतोच.

मी एका हिवाळ्यात माझ्या घरातल्या एकाच रेडिएटरची हवा जवळजवळ दर रविवारी काढत होतो आणि ते काम नीट करतो आहे याचा मला अभिमानही वाटत होता. दाब उतरत नव्हता, गळती नव्हती, तरी हवा परत येत होती. ती हवा नव्हतीच. आत लोखंड गंजताना हायड्रोजन वायू तयार होतो आणि उंच कोपऱ्यात साठतो. मी दर रविवारी गंजाचा धूरच जणू बाहेर सोडत होतो. म्हणून एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वायू साठत असेल, तर चावी बाजूला ठेवून पाण्यातले गंजरोधक औषध संपले आहे का, ते पाहावे. आणि हवा काढताना जवळ काडी किंवा मेणबत्ती पेटवू नये. हायड्रोजन पेट घेतो.

अडकलेली पिन

एकच रेडिएटर थंड असेल, तेव्हा माझा पहिला संशय थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हवर असतो, विशेषतः उन्हाळा संपून पहिल्यांदा हीटिंग लावले असेल तर. आकडे असलेली प्लास्टिकची मूठ सर्वांत मोठ्या आकड्यावर आणून तिचा कडीवजा नट हाताने सोडवावा आणि मूठ सरळ ओढून काढावी. इथे पाणी येत नाही. आत चकचकीत, बारीक धातूची पिन दिसते. पिन आत गेली की पाणी बंद, बाहेर आली की चालू, एवढेच तिचे काम. पान्याच्या सपाट पाठीने ती हलके दाबावी. चांगली पिन दोन-तीन मिलिमीटर आत जाते आणि बोट उचलताच स्प्रिंगने परत येते. खूप दिवस बंद राहिलेल्या व्हॉल्व्हची पिन आतच रुतून बसलेली असते. अशा वेळी बाजूने हलक्या हाताने टिचक्या माराव्यात, तेलाचा एखादा थेंब सोडावा आणि पिन थोडी थोडी दाबत राहावे. पुष्कळदा ती सुटते आणि सुटताच पाइपात पाण्याची सरसर ऐकू येते. पकडीने पिन ओढू मात्र नये. ती उपटून आली तर त्या छिद्रातून गरम पाण्याची धार लागते आणि मग सगळी व्यवस्था रिकामी करावी लागते.

रेडिएटरच्या दुसऱ्या टोकालाही व्हॉल्व्ह असतो, प्लास्टिकच्या साध्या टोपीखाली झाकलेला आणि फक्त पान्याने फिरणारा. त्याला लॉकशील्ड म्हणतात. रंगकामाच्या वेळी कोणीतरी तो बंद केलेला असतो आणि उघडायला विसरलेले असते, असे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते.

पंप

सगळेच रेडिएटर मंद असतील, तर पंपाकडे वळावे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाच्या अंगावर टेकवून मुठीला कान लावला, तर आतला आवाज स्पष्ट येतो. एकसारखी बारीक घरघर म्हणजे पंप फिरतो आहे. नुसता गुंग आवाज आणि अंग तापलेले म्हणजे वीज पोहोचते आहे, पण दांडा अडकला आहे. खळखळ किंवा खडे वाजल्यासारखा आवाज म्हणजे आत हवा आहे किंवा गाळाने बेअरिंग खाल्ले आहे.

अडकलेला दांडा जुन्या पद्धतीच्या पंपात मोकळा करता येतो. वीज बंद करावी, पंप निवू द्यावा, पुढच्या बाजूच्या मधोमध असलेला मोठा सपाट खाचेचा स्क्रू खाली फडके धरून काढावा. थोडे पाणी येईल, त्याने घाबरू नये. आत दांड्याचे टोक दिसते आणि त्यालाही खाच असते. लहान स्क्रूड्रायव्हरने ते दोन्ही दिशांना फिरवावे; सुरुवातीचा अडसर निघाला की ते बोटाच्या जोरानेही फिरू लागते. स्क्रू परत बसवून मगच वीज सुरू करावी. नव्या इलेक्ट्रॉनिक पंपांत असा स्क्रू बहुधा नसतो. ते अडकल्यावर स्वतःच दांडा हलवून पाहतात किंवा दिव्याच्या रंगाने दोष कळवतात.

पंपाच्या दोन्ही बाजूंना बंद करण्याचे व्हॉल्व्ह असतात. त्यांची खाच पाइपाच्या दिशेत असेल तर ते उघडे, आडवी असेल तर बंद. नुकताच पंप बदलला असेल, तर अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेत आहे ना, हेही पाहावे. तीन वेगांचा पंप एकवर ठेवलेला असेल, तर दोनवर करून पाहायला हरकत नाही, पण तीनवर जाण्याआधी संतुलन करावे. वेग वाढवल्यावर उघड्या व्यवस्थेत पोटमाळ्यावरच्या टाकीत गरम पाणी पडू लागले, तर वेग लगेच कमी करावा, कारण तिथून पाणी सतत हवा पिऊन परत येते.

मोटारीचा व्हॉल्व्ह

रेडिएटर आणि वापराचे गरम पाणी यांच्या वाटा वेगळ्या करणारा विजेचा व्हॉल्व्ह असेल, तर त्याच्या डबीच्या बाजूला लहान दांडी असते. थंड अवस्थेत ती सरकवताना हाताला स्प्रिंगचा ताण जाणवायला हवा. हीटिंगची मागणी दिल्यावर मोटार व्हॉल्व्ह उघडते आणि मग दांडी सैल लागते. मागणी असूनही ताण तसाच राहिला, तर मोटार गेली आहे. दांडीने व्हॉल्व्ह उघडून तात्पुरते काम चालते; मोटार बदलणे विजेचे काम असल्याने माहितगारावर सोपवावे.

गाळ

पाण्यातले लोखंड गंजून तयार होणारा काळा, जड, चुंबकाला चिकटणारा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट. तो पाणी मंद होते तिथे बसतो: रेडिएटरच्या तळाशी, बारीक पाइपांच्या वळणांत, आणि उघड्या व्यवस्थेत थंड पाण्याचा पाइप मुख्य पाइपाला मिळतो त्या सांध्यात. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून एक लहान, जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून तांब्याच्या पाइपावरून हळूहळू फिरवावा. तो ज्या ठिकाणी पाइपाकडे झुकतो, तिथे आत मॅग्नेटाइट साठला आहे. मी ही युक्ती पहिल्यांदा करून पाहिली, तेव्हा चुंबक एका कोपऱ्यावर जाऊन चिकटूनच बसला. भिंत न फोडता अडथळ्याची जागा हातभर अंतरात कळणे, ही या सगळ्या उद्योगातली मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते.

एक-दोन रेडिएटरांतच गाळ असेल, तर ते काढून धुता येतात. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत. लॉकशील्ड बंद करताना किती फेरे लागले ते मोजून लिहावे, म्हणजे परत तितकेच उघडता येईल. खाली पसरट भांडे आणि जुन्या चादरी ठेवून एका बाजूचा नट सैल करावा, वरचा हवेचा स्क्रू उघडावा आणि पाणी भांड्यात उतरू द्यावे. भरलेला रेडिएटर फार जड असतो आणि रिकामा झाला तरी खालचा काळा चिखल आत राहतोच, म्हणून उचलायला दोन माणसे असावीत आणि उचलताना तोंडे वरच्या दिशेला ठेवावीत. अंगणात नेऊन पाण्याच्या नळीने दोन्ही बाजूंनी धुवावा, अधूनमधून रबरी हातोडीने थोपटावा. बाहेर पडणारे पाणी आधी काळे, मग करडे आणि शेवटी स्वच्छ होते; स्वच्छ होईपर्यंत थांबू नये.

बरेच रेडिएटर बाधित असतील, तर गाळ सोडवणारे रसायन व्यवस्थेत घालून बाटलीवर सांगितलेले दिवस फिरवावे, मग सगळे पाणी काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यावे. त्यानेही भागले नाही, तर यंत्राने जोराचा प्रवाह देऊन धुण्याचे काम व्यावसायिकांकडून करून घ्यावे. मात्र हे काम सुचवणाऱ्याने आधी हातपाहणी केली आहे का, ते जरूर विचारावे. संतुलन बिघडलेल्या निरोगी व्यवस्थेलाही धुण्याचा सल्ला दिला जातो आणि धुतल्यानंतर लांबची खोली तितकीच थंड राहते. जुन्या, पातळ झालेल्या रेडिएटरला जोराच्या प्रवाहाने भोके पडू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

धुतल्यावर गंजरोधक औषध घालणे आणि परतीच्या पाइपावर, बॉयलरच्या आधी, चुंबकी गाळणी बसवणे ही दोन कामे टाळू नयेत. औषध टिकून आहे का, हे पाहायला एक घरगुती चाचणी आहे: झाकणाच्या एका बाटलीत व्यवस्थेतले पाणी आणि दुसरीत नळाचे पाणी घेऊन दोन्हींत घासून स्वच्छ केलेला एकेक लोखंडी खिळा टाकावा. काही दिवसांत नळाच्या पाण्यातला खिळा गंजतो. व्यवस्थेतल्या पाण्यातलाही तसाच गंजला, तर औषध संपले आहे.

संतुलन

हवा नाही, गाळ नाही, पंप ठीक आहे आणि तरीही लांबची खोली थंड आहे, अशा घरांसाठी ही पायरी आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण तिच्यात विकण्यासारखे काही नसते. तत्त्व एवढेच की जवळच्या रेडिएटरांचा रस्ता मुद्दाम अरुंद करायचा, म्हणजे पाणी लांब जायला तयार होते. हे काम लॉकशील्डने करायचे, आकड्यांच्या मुठीने नव्हे. मूठ खोलीच्या तापमानासाठी आहे.

पाइपाला चिमट्याने लावायचे दोन तापमापक मिळाले, तर काम नेमके होते. सर्व थर्मोस्टॅटिक मुठी काढून ठेवाव्यात किंवा पूर्ण उघडाव्यात, सर्व लॉकशील्ड पूर्ण उघडावेत आणि थंड अवस्थेपासून बॉयलर लावून रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात, ते पुन्हा लिहावे. सर्वांत आधी तापणाऱ्यापासून सुरुवात करावी. त्याचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून फक्त पाव फेरा उघडावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाइपांतला फरक पाहावा. कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा बॉयलर, असेल, तर हा फरक २० अंशांच्या आसपास आणावा, कारण परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली आल्याशिवाय धुरातली वाफ निवून तिची उष्णता हाती लागत नाही; जुन्या बॉयलरच्या व्यवस्था बहुधा ११ अंशांच्या हिशेबाने आखलेल्या असतात. फरक जास्त असेल, तर लॉकशील्ड किंचित उघडावा. कमी असेल, तर किंचित बंद करावा. किंचित म्हणजे फेऱ्याचा आठवा भाग. सुरुवातीच्या पाव फेऱ्यातच बहुतेक प्रवाह ठरून जातो, त्यानंतरचे दोन-तीन फेरे जवळजवळ निरुपयोगी असतात, आणि म्हणूनच उतावळ्या हाताला हे काम जमत नाही.

मग क्रमाने पुढच्या रेडिएटरकडे जावे. शेवटचा, सर्वांत लांबचा लॉकशील्ड पूर्ण उघडाच राहतो. एक फेरी पूर्ण झाली की पहिल्याकडे परत येऊन पुन्हा मोजावे, कारण पुढचे अरुंद केल्यावर मागच्यांचे पाणी थोडे वाढलेले असते. दुसऱ्या फेरीत बदल थोडेच करावे लागतात. दहा रेडिएटरांच्या घराला एखादा पूर्ण दिवस सहज लागतो. त्या दिवशी बाहेर थंडी असावी, नाहीतर घर मध्येच तापून थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो आणि सगळे मोजमाप फुकट जाते.

काम झाल्यावर प्रत्येक लॉकशील्ड पूर्ण बंदपासून किती उघडा आहे, हे खोलीच्या नावापुढे लिहून तो कागद बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. त्याच कागदावर औषध घातल्याची तारीख आणि थंड अवस्थेतला दाब लिहावा. पुढे कधी भिंत रंगवायला रेडिएटर उतरवला गेला, तर संपूर्ण दिवसाचे काम या चार ओळींवरून पाच मिनिटांत परत लावता येते.